डेन्बी साहेबाचं माल्ट

शुक्रवार, ८ ऑक्टोबर १९९३. हूरा, बहारीन

जुम्म्याची नमाज पढून हे घरी आले तेव्हा मी आमटीसाठी गॅस पेटवत होते. काडी ओढल्याचा आवाज झाला आणि हे अनवाणीच बाल्कनीत गेले. खाली कोल्ड स्टोअर नावाच्या किराणा दुकानापुढे उभ्या असलेल्या गाड्या बघत राहिले. आमटी उकळून झाकण पडल्यावरच आत आले. लेकीने, झोयाने पाहिलं, मीही पाहिलं.

जूनमध्ये कंपनीच्या यार्डात वेल्डिंग करताना यांच्या गॅस टॉर्चच्या नळीत उलटा भडका आला. अल्लाहने डोळे वाचवले. हाताची कातडी नवी आली, भुवया तर पूर्वीपेक्षा दाट आल्या. भीती मात्र गेली नाही. टॉर्च हातात घेतला की मनगट थरथरतं. व्हिसा गॅस वेल्डरचा आणि हे बसतात स्टोअरमध्ये वॉशर मोजत. कंपनीने सांगितलंय, २४ नोव्हेंबरला टेस्ट. पाइपाचा जोड गॅसवर करून दाखवायचा. जमला तर कॉन्ट्रॅक्ट पुढे, नाही जमला तर तिकीट हातात. झोयाची दहावी मार्चमध्ये आहे.

दाभोळच्या शाळेत मॅट्रिकपर्यंत माझे निबंध बाई वर्गात वाचून दाखवायच्या, म्हणून आता मनातलं लिहून बघते. बोलून बोलून यांची भीती मीच वाढवते की काय, असं वाटायला लागलंय. कागदाशी बोललेलं बरं. आणि अल्लाहचा शुक्र तर मानायलाच हवा. माणूस घरात आहे आणि दोन्ही डोळ्यांनी बघतो आहे.

मंगळवार, १२ ऑक्टोबर

वर्कशॉपचे मोठे साहेब, डेन्बी म्हणून आहेत, त्यांनी यांना आज केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, तिकीटच हातात देतात. पण गोष्ट भलतीच निघाली.

"साहेबाला बुदैयाच्या व्हिलात एक स्टँड करून हवाय," हे जेवताना म्हणाले. "लग्नात डेगी चढवतात ना, त्या बाहेरच्या शेगड्या? तसले तीन बर्नर एकाच स्टँडवर. एक उंच, एक मधे, एक खाली. वरच्या पातेल्यातलं पाणी नळाने आपोआप खालच्यात उतरलं पाहिजे, पंपाशिवाय."

"कशाला एवढं?"

हे घास चावत राहिले. बराच वेळ चावला. "बनवायचंय काहीतरी त्याला. माल्ट."

"माल्ट?"

"जवाचं. शौक आहे त्याला. मी नाय म्हटलं. आग दिसली की माझे पाय मागे जातात, साहेबाला ठाऊक आहे. तर म्हणतो कसा, लतीफ, फायर मफी, म्हणजे आग नाय. ओन्ली नट-बोल्ट."

मला बाई कौतुक वाटलं. एवढा मोठा साहेब, दुकानातली माल्टची बाटली आणायची सोडून घरी जव भिजवतो! झोयाला मी नाचणीच्या माल्टवरच वाढवली. रात्री भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवून भाजायची, दळून वस्त्रगाळ करायची. कष्टाचं काम आहे. आणि जव तर आपल्या नबींना प्रिय. जवाची तलबीना, दूध-मधातली पेज, दुखऱ्या मनाला आराम देते असं हदीसमध्ये आहे. ज्याच्या घरी असलं अन्न शिजतं तो माणूस वाईट कसा असेल?

मी यांना म्हटलं, "नुसते नट-बोल्ट आवळायचे तर हो म्हणा."

शुक्रवार, १५ ऑक्टोबर

हॉटेलच्या बागेतले जुने तीन बर्नर भंगारवाल्याकडे मिळाले. बिडाचे, वजनदार, तीन-तीन पायांचे. ते पाय करवतीने कापून नुसत्या चकत्या ठेवायच्या आणि आडव्या पट्टीवर बोल्टने बसवायच्या. इथवर ठीक. स्टँडला लागणाऱ्या लोखंडी अँगलचा भाव ऐकून मात्र माझ्या जिवाला घोर लागला. पैसे साहेबाचे असले म्हणून काय झालं? लोखंड ते लोखंडच.

मी म्हटलं, "तुमच्या लेबर कॅम्पमधल्या दोन मजली खाटा टाकून देताहेत ना? दोन मजली खाट म्हणजे तयार स्टँडच की. वर एक, मधे एक, खाली एक. दोन माणसं पेलते ती, पातेलं पेलणार नाही?"

हे माझ्याकडे बघतच राहिले. मग हसले. जूननंतर पहिल्यांदा दात दिसले.

साहेबांनी निरोप धाडला, "युवर वाइफ इज इंजिनियर." झोयाने चार वेळा चिडवलं. मला चिडवून घ्यायला आवडलं, खोटं कशाला लिहू.

मंगळवार, १९ ऑक्टोबर

करवतीने हाताला फोड आले. फोड बघून आनंद होणारी बायको मी एकटीच असेन.

शुक्रवार, २२ ऑक्टोबर

साहेबांना द्यायला नाचणीचं माल्ट केलं होतं. बुदैयाला मीही येणार म्हटल्यावर हे गडबडले. "तुला काय करायचंय तिथं? धूळ आहे, गॅरेज आहे." मी म्हटलं, "साहेबाने फॅमिलीला बोलावलंय, तुम्ही कोण अडवणारे?" झोयाला घेऊन गेलेच.

साहेब अर्ध्या चड्डीत, तोंड बीटासारखं लाल. पण बरणी घेण्याआधी हात धुऊन आले आणि दोन्ही हातांनी घेतली. चिमूटभर पीठ कोरडंच जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले. मग विचारायला लागले, मोड किती यायला हवेत, ऊन लागलं तर काय होतं, भाजताना रंग कुठवर न्यायचा. झोया मधे बसून इकडचं तिकडे करत होती. ते जव दोन दिवस पाणी बदलत भिजवतात, मी नाचणी एक रात्र. मोड जास्त वाढला की गोडी जाते, यावर आमचं दोघांचं एकमत झालं. आमच्या दाभोळातल्या बायकासुद्धा इतकं मन लावून ऐकत नाहीत.

एका डब्यात हिरवी वाळलेली फुलं होती. वास कडूजहर. मी म्हटलं, "पोटासाठी असतील." झोयाने सांगितल्यावर साहेब म्हणाले, "येस येस, व्हेरी गुड फॉर स्टमक." यांना एकाएकी ठसका लागला. झोयाने डब्यावरचं वाचलं, बापाकडे बघितलं आणि डबा जागेवर ठेवला.

मग साहेबांनी बर्नर पेटवून बघायचं ठरवलं. हे फाटकापर्यंत गेले आणि पाठ करून उभे राहिले. साहेबांनीच पेटवलं. ज्योत पिवळीजर्द, लांब जिभेची, पातेल्याचं बूड बघता बघता काळं. साहेब गॅसचीच चावी फिरवत बसले. कमी कर, जास्त कर. मला राहवेना. एवढ्या वर्कशॉपचा साहेब आणि त्याला शेगडीतलं एवढं कळू नये! मी हसू पदरात दाबलं.

"लतीफ!" साहेब ओरडले. "मफी गुड! व्हॉट्स राँग?"

हे मागे न बघताच म्हणाले, "एअर कम आहे, साहेब. एअर."

साहेबांनी हवेची झडप उलट फिरवली. ज्योत आणखी पिवळी, वर काजळीचे झुपके. परत फिरवली ती पुन्हा उलटच. यांच्या मानेची शीर ताठ झालेली मला मागून दिसत होती. चुकीचं काम यांना बघवत नाही, अगदी माझी चपाती वाकडी लाटलेलीसुद्धा. शेवटी हे वळले, तरातरा आले, "साहेब, हटो," म्हणाले आणि वाकून झडप थोडी उघडली. फर्रकन आवाज होऊन ज्योत आखूड झाली, निळी झाली, बर्नरच्या कडेने फुलासारखी बसली.

हे वाकलेलेच. तोंड आगीपासून हातभर. मग त्यांच्या लक्षात आलं आपण कुठे आहोत ते. हळूच मागे सरकले, पण पळाले नाहीत. दुसरा बर्नर. तिसरा बर्नर. साहेब म्हणाले, "ओ, एअर," जणू आजच शिकले.

परतताना पिकअपमध्ये मी मनातल्या मनात अल्हमदुलिल्लाहच म्हणत होते. डेन्बी साहेबांच्या माल्टमध्ये बरकत येवो.

शुक्रवार, २९ ऑक्टोबर

पाणी भरून पाहिलं तर स्टँड डुलतो. खाट माणसाच्या वजनाची, पन्नास-पन्नास लिटरच्या तीन पातेल्यांची नव्हे. चार कोपऱ्यांवर वेल्डिंग हवं. हे म्हणाले, "माझ्याच्याने नाय होणार." साहेब म्हणाले, "मफी मुश्किल, मी करतो," आणि गॅरेजमधला गॅस सेट काढून एक कोपरा स्वतः जोडला.

हे घरी आले ते धुमसत. "वेल्डिंग म्हणतात त्याला? उंदराने लेंड्या टाकल्यात ओळीने! आणि वर म्हणतो, ब्युटिफुल!"

"तुम्ही काही बोलला नाही?"

"साहेब आहे तो. काय बोलू?" जेवणात लक्ष नव्हतं. बोटांनी ताटाच्या कडेवरून काहीतरी ओढत होते, सरळ रेषेत, हळूहळू.

शनिवार, ६ नोव्हेंबर

काल लिहायला बसले आणि रडूच आलं, म्हणून आज लिहिते. काल यांनी ती लेंड्यांची ओळ घासून काढली आणि तो कोपरा स्वतः जोडला. टॉर्च पेटवताना हात कापत होता, हे स्वतःच सांगतात. पण एकदा ज्योत धातूला लागली की हात विसरला कापायला. एकच कोपरा. तीन राहिले. आल्यावर अंगाला तोच जुना वास, जळक्या लोखंडाचा. पूर्वी मी नाक मुरडायचे. काल शर्ट धुवायला टाकवेना.

सोमवार, ८ नोव्हेंबर

वरच्या मजल्यावरच्या महमुदाआपा आल्या होत्या. मी कौतुकाने सांगितलं, स्टँड झाला की साहेब दर शुक्रवारी दोस्तांना जमवून घरचं जवाचं माल्ट पाजणार. आपांनी पदर तोंडात कोंबला.

"काय गो हसता?"

"अकीला, वेडी की काय तू? गोऱ्यांचे दोस्त शुक्रवारी जमतात ते काय माल्ट प्यायला? बिअर ती! जव, ती कडू फुलं, तीन पातेली. आमच्या हॉटेलातला बारवाला सांगतो ना, तस्संच."

आपांचे यजमान हॉटेलात हिशेबनीस आहेत. त्यांना ठाऊक असणार. मी चहा पुढे केला.

झोया शाळेतून आल्यावर विचारलं. ती बूट काढत होती, काढतच राहिली.

"अम्मी, आय न्यू. डब्यावर लिहिलं होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"बिकॉज अब्बा वॉज लाइटिंग इट."

बुधवार, १० नोव्हेंबर

दोन दिवस यांना काही बोलले नाही. आपल्यात तर बनवणारा, वाहणारा, ओतणारा, सगळेच गुन्ह्याचे वाटेकरी. मग स्टँड करणारा? आणि त्याला खाट सुचवणारी? बरकत मागितली मी त्या माल्टसाठी. अल्लाहला हसू आलं असेल की राग, कळत नाही.

पण दुसरीकडे बघावं तर यांचा हात त्या एकाच स्टँडवर वळतो. यार्डात अजून कुणी टॉर्च देत नाही. आता सोडा म्हटलं आणि हात पुन्हा आखडला, तर टेस्टचं काय? आणि न बोलता बघत बसले, तर माझ्या नमाजेचं काय? इस्तिखारा केला, अल्लाहकडे कौल मागायची नमाज. स्वप्न काही पडलं नाही, झोप मात्र गाढ लागली. मी त्याचाच अर्थ लावला: जिला झोप लागते तिने उठून खरं बोलावं.

संध्याकाळी बोलले. हे खाली मान घालून म्हणाले, "ठाऊक होतं मला. तुला सांगितलं असतं तर पहिल्याच दिवशी नाय म्हणाली असतीस."

"म्हणाले असते."

"रोज माफी मागतो, गो. आणि रोज वाटतं, शुक्रवार कधी येतो." मग म्हणाले, "साहेबाला काय सांगू? टेस्टच्या यादीवर सही त्याचीच आहे. नाव काढलं तर?"

"रिझ्क, पोटाची भाकरी, देणारा साहेब नाही. मी येते. मी सांगते."

सांगते म्हटलं खरं, आता काय बोलायचं ते कागदावर जुळवून बघते.

शुक्रवार, १२ नोव्हेंबर

बुदैया. झोयाला म्हटलं, मी बोलेन तेच सांगायचं, मऊ करायचं नाही. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही भले माणूस आहात. पण ही दारूची शेगडी आहे. माझा नवरा इथून पुढे हिच्यावर हात टाकणार नाही. तुम्हाला राग आला तर यादीतलं नाव काढा, पण मला तुमच्याशी खोटं वागायचं नाही."

झोयाचा आवाज बारीक झाला, पण तिने सगळं सांगितलं. हे भिंतीकडे बघत होते.

साहेबांचं लाल तोंड आणखी लाल झालं. मला वाटलं, संपलं. ते म्हणाले, "मॅडम, सॉरी. व्हेरी सॉरी. मी आधी विचारायला हवं होतं." आणि मग म्हणाले, "हा स्टँड तुम्ही घेऊन जा. घरी पूर्ण करा. बिर्याणी बनवा."

"आणि तुम्हाला?"

साहेबांनी मान खाजवली. मग गॅरेजच्या मागे नेलं, एक ताडपत्री उचलली. खाली स्टँड! तीन बर्नर, तीन पायऱ्या, सगळं चकचकीत, चाकं लावलेला, पाण्याचे नळसुद्धा जागच्या जागी. चांगली चारपाच वर्षं वापरलेला दिसत होता.

मी झोयाला म्हटलं, "विचार, एक धडका असताना दुसरा कशाला?" तिने विचारलं नाही. यांच्याकडे बघत राहिली. हे पायरीवर बसले होते, तळहात डोळ्यांवर. मी जवळ गेले तर म्हणाले, "धूर गेला." बर्नर तर आज कुणी पेटवलाच नव्हता.

इंग्रजांना हौसेला मोल नाही, हे खरं. आमचं भंगारातलं लोखंड तरी वाचलं म्हणायचं. साहेबांनी गॅस सेटही दिला, टेस्टपर्यंत वापरा म्हणाले.

मंगळवार, १६ नोव्हेंबर

स्टँड आमच्या गच्चीवर. रत्नागिरीकरांच्या जमातीला डेगींसाठी द्यायचा ठरलाय. महमुदाआपा बघायला आल्या आणि वर बघून म्हणाल्या, "त्या वरच्या माळ्यावरची बिर्याणी ढवळायला कोण चढणार? लतीफभाई, शिडीपण करा हो!"

त्यांचं बरोबर होतं. आता वरचा मजला कापायचा, मधला खाली घ्यायचा, तीनही बर्नर एका रांगेत आणायचे, वाऱ्यासाठी पत्र्याचा आडोसा लावायचा. म्हणजे कापणं आणि जोडणं, जोडणं आणि कापणं. रोज कामावरून आल्यावर मगरिबच्या नमाजेपर्यंत हे गच्चीवर. मी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने जाते. धुतलेले संपले की कोरडेच परत झटकते.

शनिवार, २० नोव्हेंबर

आज टॉर्च पेटवताना हे झोयाशी बोलत होते. तिच्या गणिताच्या पेपरबद्दल. हाताकडे बघितलंसुद्धा नाही. मी कपडे तसेच बादलीत टाकून खाली आले.

बुधवार, २४ नोव्हेंबर

जोहरच्या नमाजेनंतर जानमाजवरून उठलेच नाही. जिन्यात पावलं वाजली तेव्हा पायाला मुंग्या आल्या होत्या, दार झोयाने उघडलं.

इन्स्पेक्टरने यांचा पाइप कापला, जोडाची पट्टी काढली, यंत्रात घालून वाकवली. पार दुमडली. चीर गेली नाही. दुसरी पट्टी. तीही नाही. कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षं पुढे.

"साहेब काय म्हणाले?" मी विचारलं.

"काही नाय. म्हणाला, मॅडमला सांग, नाचणीचं माल्ट संपलं."

हे हसत हसत बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून बराच वेळ आतच राहिले. झोया अभ्यासाला बसली. पुस्तक उलटं होतं.

शुक्राच्या, आभाराच्या, दोन रकात नमाज पढले. मग दुआला हात उचलले आणि अडले. ज्याच्या गॅरेजात दारू शिजते त्याच्यासाठी काय मागायचं? हिदायत, सरळ वाट, मागितली, ती तर मागायचीच. पण मन भरेना. शेवटी जे होतं ते बोलले: या अल्लाह, त्याच्या पिण्याचं तू बघ, ते माझं काम नाही. पण चांगला धडका स्टँड ताडपत्रीखाली असताना दुसरा करून घ्यायची जी उधळी बुद्धी तू त्या माणसाला दिलीस, तिच्याबद्दल मी जन्मभर तुझी ऋणी आहे.

उद्या नाचणी भिजवते.